पिनेवरची तिसरी रेघ

२०२० च्या जूनमध्ये शाळा ऑनलाइन भरू लागल्या आणि वांद्र्यातल्या कितीतरी घरांत कोपऱ्यात धूळ खात पडलेले जुने कॉम्प्युटर पुन्हा पुसून मांडले गेले. घरात मोबाइल एक किंवा दोन, ते मोठ्यांच्या कामाला लागत. मुलांच्या वाट्याला डेस्कटॉप आला आणि त्याच्या जोडीला मोबाइलच्या खोक्यातून निघालेला इअरफोन. त्याची पिन कॉम्प्युटरच्या हिरव्या भोकात घातली की बाईंचा आवाज स्वच्छ यायचा. हजेरीत नाव पुकारलं जायचं, मूल चार वेळा ‘येस टीचर’ म्हणायचं, पण पलीकडे काही पोचायचं नाही. गुलाबी भोकात पिन घालून पाहिली तर बाईही गप्प व्हायच्या. खेरवाडीतल्या खोलीपासून पाली हिलवरच्या फ्लॅटपर्यंत हीच तक्रार होती आणि तिचा दोष इअरफोनला, कॉम्प्युटरला, नाहीतर त्या मुलाला दिला जात होता.

तिघांपैकी कुणाचाच दोष नव्हता. इअरफोनच्या पिनेवर तीन काळ्या रेघा होत्या आणि कॉम्प्युटरची भोकं दोन रेघांच्या पिनेसाठी बनलेली होती. या एका रेघेमागे जवळजवळ दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातला बराचसा मुंबईवरून, थोडा थेट वांद्र्यावरूनही जातो.

पिनेवरची काळी रेघ म्हणजे प्लास्टिकची कडी. तिच्यामुळे धातूचे तुकडे एकमेकांना चिकटत नाहीत. दोन रेघा असल्या की धातूचे तीन भाग होतात: डावा कान, उजवा कान आणि दोघांची परतीची वाट. तीन रेघा असल्या की चौथा भाग मिळतो, तो माइकचा. म्हणजे ऐकण्याला दोन रेघा पुरतात, बोलायचं असेल तर तिसरी लागते.

ही पिन जन्माला आली टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. शिकागोच्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीतल्या चार्ल्स स्क्रिब्नर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत स्विचबोर्डाची जी जोडणी घडवली, तिच्यातून पाव इंचाची, म्हणजे ६.३५ मिलिमीटर जाडीची पिन रूढ झाली. टोक आणि मधलं कडं या दोन तारांवरून माणसांचं बोलणं चाले. मागच्या नळीची तार ऑपरेटरच्या कामाची होती. तिनं पिनेचं टोक एखाद्या भोकाला नुसतं टेकवलं की लाइन गुंतलेली असल्यास तिच्या कानात ‘टक्’ असा आवाज येई आणि ती जोडणी करत नसे. आज मोबाइलच्या इअरफोनवर दिसणारी टोक, कडं, नळी ही रचना त्या ऑपरेटरच्या हातातल्या दोरीचीच छोटी आवृत्ती आहे.

मुंबईत टेलिफोनचं यंत्र आश्चर्य वाटावं इतक्या लवकर आलं. ग्रॅहम बेलला पेटंट मिळालं १८७६ मध्ये. १८८१ मध्ये ओरिएंटल टेलिफोन कंपनीला हिंदुस्थानातल्या मोठ्या शहरांत एक्स्चेंज चालवायचा परवाना मिळाला आणि २८ जानेवारी १८८२ रोजी कलकत्ता, मद्रास आणि मुंबईची एक्स्चेंजेस सुरू झाली. वांद्रे तेव्हा मुंबईत नव्हतं. ते साष्टी बेटावरचं, १८७६ पासून स्वतःची नगरपालिका असलेलं गाव होतं. रानवर, चुईम, पाली, शेर्ली अशा गावठाणांत ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची भाताची खाचरं होती. महानगराच्या हद्दीत वांद्रे आलं ते १९५० मध्ये. पुढे टेलिफोन ऑपरेटर, स्टेनो, सेक्रेटरी या नोकऱ्यांत मुंबईच्या ख्रिस्ती मुली मोठ्या संख्येनं शिरल्या आणि डोक्यावर हेडसेट चढवून दिवसभर बोलण्याची सवय शहरात त्यांना फार लवकर झाली. हेडसेट ही तरुण मुलांच्या गेमची वस्तू समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवं. ती आधी नोकरदार बायकांची वस्तू होती.

इथे एक तांत्रिक गोष्ट समजून घेतली की पुढचं सगळं सोपं होतं. कानातला स्पीकर येणाऱ्या लहरीवरच हलतो, त्याला वेगळी वीज लागत नाही. माइकला मात्र बहुधा बाहेरून वीज पुरवावी लागते. बेलच्या सुरुवातीच्या यंत्रात तसं नव्हतं. त्यात बोलायचं आणि ऐकायचं साधन एकच होतं, पण आवाज इतका क्षीण जाई की ओरडावं लागे. मग एडिसन, ह्यूज, बर्लिनर यांच्या प्रयोगांतून कार्बनचा माइक आला. कार्बनचे कण आवाजानं दाबले जातात, त्यांच्यातून वाहणारा विजेचा प्रवाह कमीजास्त होतो आणि तोच प्रवाह आवाज वाहून नेतो. प्रवाह हवा म्हणजे बॅटरी हवी. आधी ती घराघरांत ठेवत. पुढे एक्स्चेंजमधून ४८ व्होल्टचा पुरवठा टेलिफोनच्या तारेवरूनच होऊ लागला. म्हणूनच वीज गेली तरी घरातला काळा फोन चालू राही. ऐकणं फुकट आणि बोलण्याला वीज, हा नियम तेव्हापासून आजतागायत टिकून आहे. ती वीज माइकला कुठल्या तारेवरून द्यायची, यावर मात्र कारखानदारांचं कधीच एकमत झालं नाही. वांद्र्यातल्या त्या मुलाचा आवाज अडला तो या मतभेदापाशी.

एक्स्चेंजमधली जाड पिन तिथून जगभरच्या ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओंत शिरली. वांद्र्यात हिल रोडवर मेहबूब खान यांनी १९५४ मध्ये मेहबूब स्टुडिओ उभारला, त्या काळात चांगला माइक ही जपून, कुलपात ठेवायची चीज होती. स्टुडिओतल्या कंडेन्सर माइकला मोठा विद्युतभार सतत पुरवावा लागे, त्यासाठी शेजारी वीजपुरवठ्याची स्वतंत्र पेटी असे. सामान्य माणसाच्या खिशात हे मावणं शक्य नव्हतं.

ते शक्य झालं १९६२ मध्ये. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत गेरहार्ड सेस्लर आणि जेम्स वेस्ट या दोघांनी टेफ्लॉनच्या पातळ पापुद्र्यावर विद्युतभार कायमचा बसवून दाखवला. चुंबकात चुंबकत्व मुरलेलं असतं तसा या पापुद्र्यात भार मुरलेला असतो. वेस्ट हे कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ. त्या काळच्या अमेरिकेत त्यांना प्रयोगशाळेपर्यंत पोचायलाच किती अडथळे होते हे आठवलं की त्या पापुद्र्याचं मोल वाढतं. हाच इलेक्ट्रेट माइक. तो स्वस्त, तांदळाच्या दाण्याएवढा लहानही करता येणारा, आणि त्याच्या पोटातल्या चिमुकल्या ट्रान्झिस्टरला दोनेक व्होल्टची वीज पुरते. टेपरेकॉर्डर, टेलिफोन, मोबाइल, सगळीकडे तो पसरला.

वांद्र्यात या माइकचं एक वेगळं, फार जिव्हाळ्याचं घर आहे. रेक्लमेशनवर १९८३ मध्ये श्रवणदोष असलेल्यांसाठी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था सुरू झाली. देशभरातून आईवडील आपल्या लहानग्यांना घेऊन इथे श्रवणचाचणीसाठी येत राहिले. त्या पिढीचं श्रवणयंत्र म्हणजे सदऱ्याच्या खिशात किंवा छातीवरच्या पट्ट्यात ठेवलेली डबी आणि तिच्यापासून कानापर्यंत गेलेली वायर. माइक डबीत, स्पीकर कानात. वांद्रे स्टेशनवरून त्या दिशेनं जाणाऱ्या बसमध्ये गळ्यात वायर लोंबणारी मुलं दिसत, तेव्हा वॉकमन ऐकणारी श्रीमंत मुलं आणि ही मुलं लांबून सारखीच दिसत. पण वॉकमनच्या पिनेवर दोनच रेघा होत्या. सोनीनं १९७९ मध्ये आणलेलं ते यंत्र फक्त ऐकवायचं. वायर असलेला जवळजवळ प्रत्येक इअरफोन पुढे कित्येक वर्षं ३.५ मिलिमीटरच्या पिनेचा राहिला, कारण ट्रान्झिस्टर रेडिओच्या काळात रुळलेलं ते माप वॉकमननं जगभर पोचवलं.

आता कॉम्प्युटरच्या बाजूला वळू. आयबीएम पद्धतीच्या पीसीला सुरुवातीला ‘बीप’पलीकडे आवाज नव्हता. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचं साउंड ब्लास्टर कार्ड १९८९ मध्ये आलं आणि त्यावर माइकचं भोक होतं. कार्ड बनवणारे इंजिनिअर टेलिफोनच्या धंद्यातले नव्हते. त्यांच्या डोळ्यांपुढे टेपरेकॉर्डरचा नमुना होता: ऐकायचं भोक वेगळं, बोलायचं वेगळं. माइकच्या पिनेत टोकावर आवाज आणि मधल्या कड्यावरून वीज, अशी मांडणी पुढे पीसीत रुळली. मागच्या बाजूची सारखी दिसणारी भोकं ओळखू येईनात, म्हणून इंटेल आणि मायक्रोसॉफ्टच्या ‘पीसी ९९’ या आराखड्यात त्यांना रंग दिले: माइकला गुलाबी, स्पीकरला पोपटी हिरवा, बाहेरून येणाऱ्या आवाजाला फिकट निळा. इतका नेमका रंगसंकेत दुसऱ्या फारच थोड्या यंत्रांना लाभला आहे, आणि त्यानं कोट्यवधी लोकांचा वेळ वाचवला.

या गुलाबी भोकाला वांद्र्यात खरं महत्त्व आलं ते परदेशी गेलेल्या माणसांमुळे. इथल्या ईस्ट इंडियन, गोवन आणि मंगळुरी घरांतून माणसं आखातात, कॅनडात, ऑस्ट्रेलियात जात राहिली. त्यांच्याशी बोलणं ही चैन होती. ब्रिटनशी रेडिओ-टेलिफोन जोडला गेला १९३३ मध्ये. मुंबईहून लंडनला थेट नंबर फिरवून बोलण्याची सोय झाली १९७६ मध्ये. त्यानंतर आले पिवळ्या पाट्यांचे एसटीडी-आयएसडी-पीसीओ बूथ. देशातल्या ट्रंक कॉलला रात्री अकरानंतर पाव दर लागे, म्हणून रात्री रांगा लागत; परदेशचा कॉल मात्र कधीही महागच. समोरच्या मीटरवरच्या लाल आकड्यांकडे बघत बोलायचं आणि मनातलं अर्धं ठेवून रिसीव्हर खाली ठेवायचा, हा एका पिढीचा अनुभव आहे.

१९९५ च्या फेब्रुवारीत इस्रायलच्या व्होकलटेक कंपनीनं ‘इंटरनेट फोन’ हा प्रोग्राम विकायला काढला. कॉम्प्युटरला साउंड कार्ड आणि माइक असला की त्यावरून जगात कुठेही बोलता येई. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमनं मुंबईसह चार महानगरांत इंटरनेट जनतेसाठी खुलं केलं. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या असत्या तर वांद्र्यातल्या फोनबिलांचं चित्र पालटलं असतं. पण इंटरनेटवरून आवाज पाठवायला आपल्याकडे बंदी होती. १९९९ च्या दूरसंचार धोरणातही ती कायम राहिली. परदेशी कॉलच्या उत्पन्नावर पाणी पडेल ही सरकारला भीती होती, आणि ती भीती आकड्यांत खरी असली तरी तिची किंमत ज्यांची मुलं दूर होती अशा म्हाताऱ्या आईबापांनी चुकवली.

बंदी उठली १ एप्रिल २००२ रोजी, आणि तीही अर्धीच. कॉम्प्युटरवरून कॉम्प्युटरशी बोला, कॉम्प्युटरवरून परदेशातल्या फोनशी बोला. देशातल्या साध्या फोनवर मात्र असा आवाज उतरवायचा नाही. या नियमाचा एक परिणाम असा झाला की स्वस्त बोलणं कॉम्प्युटरच्या टेबलाशी बांधलं गेलं. बोलायचं तर माइक हवाच. सायबर कॅफेंमध्ये प्रत्येक पडद्याशेजारी हेडफोन लटकू लागले, तोंडापुढे वाकणारी दांडी असलेले, गुलाबी आणि हिरव्या अशा दोन पिनांचे. २००३ च्या ऑगस्टमध्ये स्काइप आलं. टोरांटोतल्या नातवाशी बोलण्यासाठी साठी उलटलेल्या आजीनं गुलाबी पिन गुलाबी भोकात घालायला शिकणं ही त्या काळातली साधी गोष्ट होती, आणि रंगांमुळे ती जमायची.

आवाजाचं हे नवं वजन कायद्यालाही ओळखावं लागलं. मुंबईतल्या एका वैद्यकीय खटल्यात न्यूयॉर्कच्या डॉक्टरांची साक्ष व्हिडिओ कॉन्फरन्सनं घेता येईल, असं सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २००३ मध्ये ठरवलं. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं परस्परसंमतीच्या घटस्फोटात परदेशी असलेल्या पक्षकाराचं म्हणणं स्काइपसारख्या साधनावरून नोंदवायला मुभा दिली. मुंबईचं कुटुंब न्यायालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. त्या कोर्टात ‘ऐकू येतंय का?’ या प्रश्नाला केवढा अर्थ असेल, ते सांगायला नको.

मग सुरळीत चाललेलं हे बिघडलं कुठे? मोबाइलच्या पिनेत.

सुरुवातीला मोबाइल कंपन्यांनी आपापली भोकं वेगळी ठेवली. नोकियाचं पॉप-पोर्ट, सोनी एरिक्सनचं फास्ट-पोर्ट, दुसऱ्याचा हेडफोन चालूच नये अशी व्यवस्था. फोनवर गाणी वाजू लागली तेव्हा लोकांनी ३.५ची साधी पिन मागितली, आणि तिच्यातच माइकही बसवायचा म्हणून तिसरी रेघ आली. आता चार भाग झाले. टोक डावा कान, पुढचं कडं उजवा कान, इथवर सगळ्यांचं जमलं. उरलेल्या दोन भागांवर फाटाफूट झाली. मोबाइल सेवा देणाऱ्या कंपन्यांनी २००४ मध्ये ओएमटीपी नावाची संघटना काढली होती. तिच्या मांडणीत दुसऱ्या कड्यावर माइक आणि शेवटच्या नळीवर परतीची वाट. नोकियाच्या अनेक फोनांनी हीच धरली. २००७ मध्ये आलेल्या आयफोननं नेमकं उलट केलं: कड्यावर परतीची वाट, नळीवर माइक. अमेरिकेतल्या सीटीआयए या संघटनेच्या नावानं ती मांडणी ओळखली जाते आणि अखेर तीच जिंकली.

मुंबईत दोन्ही तऱ्हांचे फोन एकाच वेळी हातोहात फिरत होते. एका तऱ्हेचा इअरफोन दुसऱ्या तऱ्हेच्या फोनला लावला की विचित्र प्रकार घडे. एखादं हिंदी-मराठी गाणं लावावं तर सतार, बासरी, व्हायोलिनं ऐकू येत आणि गाणाऱ्याचा आवाज मात्र खोल विहिरीतून आल्यासारखा, नाहीतर नाहीसाच. परतीची वाट तुटल्यामुळे दोन्ही कानांतला सामाईक आवाज एकमेकांना खोडून काढी आणि नुसता फरक उरे. स्टिरिओ मुद्रणात गायक मधोमध असतो, म्हणून तोच गायब. वायरवरचं बटण दाबून धरलं की आवाज परत येई, कारण ते बटण माइकची तार आणि परतीची तार एकत्र जोडतं. बटणाला रबर बांधून गाणी ऐकणं हा उपाय हास्यास्पद वाटला तरी विद्युतशास्त्राला धरून होता.

आता त्या शाळकरी मुलाची अडचण उलगडते. तीन रेघांची पिन हिरव्या भोकात गेली तेव्हा दोन्ही कानांच्या तारा जागच्या जागी बसल्या, पण माइकला वीज द्यायला तिथे कुणी नव्हतंच. ती गुलाबी भोकात गेली तेव्हा कॉम्प्युटरनं माइक समजून टोकाला कान लावला, आणि टोकावर होता डावा इअरफोन. गंमत अशी की त्या डाव्या इअरफोनमध्ये तोंड घालून मोठ्यानं बोललं तर पलीकडे अंधुक आवाज पोचू शकतो. स्पीकर उलटा चालवला की माइक होतो. बेलच्या १८७६ च्या यंत्राचं तत्त्व तेच.

उपाय होता आणि स्वस्त होता, फक्त तो मिळणाऱ्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांपर्यंत टाळेबंदीत पोचणं अवघड होतं. एका टोकाला तीन रेघांच्या पिनेचं भोक आणि दुसऱ्या टोकाला हिरवी व गुलाबी अशा दोन पिना असलेला वाय आकाराचा कनेक्टर. दुकानात ‘स्प्लिटर’ म्हटलं की कित्येकदा वेगळीच वस्तू हाती पडते: एक गाणं दोघांना ऐकवणारी, एक पिन आणि दोन भोकं असलेली. तिचा इथे उपयोग नाही. ज्यांचा लॅपटॉप २०१० नंतरच्या पिढीचा, एकच भोक आणि शेजारी हेडसेटचं चित्र असलेला, त्यांना कनेक्टर लागलाच नाही. तिथे भोकामागची चिप आधी तारा तपासते आणि माइक सापडला की वीज सोडते. काही कॉम्प्युटर तर पडद्यावर विचारतात, की तुम्ही आत्ता काय जोडलंत? त्या प्रश्नाकडे दुर्लक्ष करून खिडकी बंद केली की हेडसेटला नुसता हेडफोन समजलं जातं. शिवाय २०१८ पासून विंडोज आणि मॅक दोन्हींनी माइक वापरण्यासाठी परवानगी मागायला सुरुवात केली आणि ब्राउझर स्वतःची वेगळी परवानगी मागतो. तार बरोबर असूनही या दोन दारांपैकी एक बंद असल्यामुळे आवाज अडल्याची उदाहरणं त्या वर्षात घरोघरी होती.

ब्लूटूथनं तारच काढून टाकली, पण टेलिफोनची सावली तिथेही पडली. नुसतं गाणं ऐकताना आवाज भरदार असतो. माइक सुरू होताच तो पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो, कारण जोडणी ऐकण्याच्या पद्धतीवरून टेलिफोनच्या पद्धतीवर उडी मारते. त्या पद्धतीच्या मूळ रूपात आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतात. हा आकडा जुन्या टेलिफोन लाइनचा. ती ३०० ते ३,४०० हर्ट्‌झपर्यंतचाच आवाज वाहायची, आणि तेवढ्याला ८,००० नमुने पुरत. नवी साधनं १६,००० किंवा अधिक नमुने घेतात, तेव्हा बोलणं बरंच सुधारतं. ऑगस्ट २०१७ मध्ये गुगलनं मराठीत बोलून टाइप करण्याची सोय दिली. तिचा रोज वापर करणाऱ्यांना हा फरक जाणवतो: माइक जुन्या पद्धतीवर असला की ‘श’ आणि ‘स’ यांची गल्लत वाढते, कारण या वर्णांची सळसळ बरीचशी त्या अरुंद पट्ट्याच्या बाहेर असते.

२०१६ च्या आयफोन ७ मधून ३.५चं भोकच गेलं आणि मागोमाग बहुतेक महाग फोनांतून. वायरचा इअरफोन आता यूएसबी-सी पिनेचाही मिळतो. त्याच्यावर रेघा नाहीत, पण भेद संपलेला नाही. काही इअरफोनांच्या पिनेत स्वतःची ध्वनिचिप (डीएसी) असते. ती कॉम्प्युटरकडून यूएसबीची वीज घेते, माइकला आपणच पुरवते आणि जवळजवळ कुठल्याही लॅपटॉपवर चालते. काहींत चिप नसते, नुसत्या तारा असतात. ते ठरावीक फोनवर चालतात आणि लॅपटॉपला लावले तर बहुधा मुकेच राहतात. यूएसबी-सी पिन सुलटी-उलटी कशीही घालता येते. बिनचिपेच्या इअरफोनमध्ये ती उलटली की माइकची तार आणि परतीची तार यांची अदलाबदल होते, आणि कोणती कुठे आली ते फोनला दर वेळी शोधावं लागतं. पाकिटावर यातलं काही छापलेलं असेलच असं नाही. म्हणून लॅपटॉपसाठी यूएसबी-सीचा इअरफोन घेताना दुकानदाराला ‘यात डीएसी आहे का?’ असं विचारावं आणि तिथेच कुणाला तरी कॉल लावून माइक तपासावा.